ग्राविना नीट पाहायचं तर: दोन काठ, एक पूल आणि पलीकडचा माळ

दुपारी साडेबाराला शेजारच्या मातेरा गावाहून गाडीने यायचं, सिनेमात झळकलेल्या पुलावर पाच-सहा फोटो काढायचे, चर्चची दारं बंद म्हणून चरफडायचं आणि अडीच वाजता "फार काही नाही हो तिथे" म्हणत परतायचं. दक्षिण इटलीतल्या ग्राविना इन पुल्या या गावाबद्दल मराठी मंडळींकडून हे इतक्यांदा ऐकलंय की आता सगळं क्रमाने लिहूनच टाकतो. चूक गावाची नसते, वेळेची आणि क्रमाची असते.

गावाची रचना एकदा डोक्यात बसली की पुढचं सोपं आहे. 'ग्राविना' म्हणजे चुनखडकात पाण्याने कापलेली खोल घळ. गावाचं नाव तिच्यावरूनच पडलं. घळीच्या पूर्व काठावर जुनं गाव, पश्चिम काठावर बोत्रोमान्यो नावाची टेकडी, आणि दोन्हींच्या मध्ये तो पूल. गावाची कड्याकडची बाजू पश्चिमेला तोंड करून आहे, त्यामुळे तिच्यावर ऊन येतं ते दुपार कलल्यावर. चर्च आणि संग्रहालय मात्र सकाळी उघडी असतात. म्हणून सकाळ गावात, दुपार सावलीत, संध्याकाळ पलीकडच्या काठावर. लोक नेमकं याच्या उलट करतात. सकाळी पलीकडे जाऊन सूर्य डोळ्यांवर घेत फोटो काढतात आणि दुपारी गावात येऊन बंद दारं बघतात.

## टप्पा १: तारीख आणि मुक्काम ठरवा

चांगले हंगाम दोनच. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबर संपेपर्यंत. एप्रिल-मेमध्ये गहू हिरवा असतो आणि माळ फुललेला. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पस्तिशीच्या पुढे जातो. "आम्ही जळगावचे, आम्हाला काय उन्हाचं कौतुक" असं म्हणणारे भेटतात. पण जळगावात तरी भर दुपारी, झाड नसलेल्या माळावर, पाच तास कोण चालतं?

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं एक तास मागे जातात. त्यानंतर सूर्य पाचच्या सुमारास मावळतो आणि पश्चिम काठासाठी ठेवलेली संध्याकाळ हातातून जाते. ऑक्टोबरात जाणार असाल तर त्या रविवारच्या आत जाऊन या.

तारखा पक्क्या करण्याआधी एवढं पाहून घ्या:

- एप्रिलच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात सान जोर्जोची जत्रा असते. १२९४ पासून चालत आलेली ही जत्रा पाहण्यासारखी असली तरी त्या दिवसांत खोली मिळणं कठीण.
- २५ एप्रिल, १ मे, २ जून आणि १५ ऑगस्ट या राष्ट्रीय सुट्ट्या. गाड्या कमी, दुकानं बंद.
- सोमवारी इटलीतली बरीच संग्रहालयं बंद असतात. गावाचा दिवस सोमवारी टाकू नका.
- रविवारी रेल्वेचं वेळापत्रक वेगळं असतं. येण्याचा किंवा जाण्याचा दिवस रविवार नसेल तर उत्तम.

मुक्काम तीन रात्रींचा ठेवा. एक दिवस गाव आणि दरी, एक दिवस पायी माळ किंवा जंगल, एक दिवस गाडीने लांबचं. दोनच रात्री असतील तर गाडीचा दिवस गाळा, पायी माळ गाळू नका.

खोली जुन्या भागात घ्यायची तर घरमालकाला आधी एकच प्रश्न विचारा: गाडी किंवा टॅक्सी जिथवर येते तिथून दारापर्यंत पायऱ्या किती? जुन्या गल्ल्या उतरत्या, दगडी आणि गुळगुळीत आहेत. तेवीस किलोची चाकांची बॅग तिथे चाकांवर चालत नाही, ती तुमच्या खांद्यावर चालते.

## टप्पा २: बारीहून रेल्वेने पोचणं

विमानाने किंवा मोठ्या रेल्वेने तुम्ही बारी या शहरात उतराल. तिथून ग्राविनाला नेणारी रेल्वे वेगळ्या कंपनीची आहे: फेर्रोविये आप्पुलो लुकाने. निम्मे लोक इथेच चुकतात. ते बारी चेंत्राले या मोठ्या स्टेशनात शिरतात, फलकावर ग्राविना शोधतात आणि सापडत नाही म्हणून गांगरतात. या छोट्या रेल्वेचं स्टेशन शेजारीच, पण वेगळ्या इमारतीत आहे. मोठ्या स्टेशनातून चौकात बाहेर या आणि तिची पाटी शोधा. तिकीट तिथेच किंवा तिच्याच ॲपवर घ्यायचं. मोठ्या रेल्वेच्या ॲपवर घेतलेल्या तिकिटाचा इथे भरवसा धरू नका.

क्रम असा ठेवा:

१. आदल्या रात्री त्या तारखेचं वेळापत्रक पाहा. वार आणि सुट्टी, दोन्ही तपासा.

२. कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी मशीनवर त्याची नोंद झाली का पाहा. नोंद नसलेलं तिकीट म्हणजे विनातिकीट प्रवास, आणि "मला माहीत नव्हतं" हे उत्तर तिकीट तपासनीस दिवसातून वीस वेळा ऐकतो.

३. अल्तामुराला मार्ग फुटतो. एक फाटा मातेराला, दुसरा ग्राविनाला. काही गाड्यांचे डबे तिथे वेगळे होतात, काही वेळा गाडीच बदलावी लागते. बारीतच विचारून योग्य डब्यात बसा. "पेर ग्राविना?" एवढे दोन शब्द पुरतात.

मी एकदा गप्पांच्या नादात चुकीच्या डब्यात बसलो आणि मातेराला जाऊन पोचलो. मातेरा सुंदर आहे, पण रात्री साडेनऊला, सामानासकट नाही.

प्रवास साधारण सव्वा ते दीड तासाचा. ग्राविना स्टेशनवरून जुन्या गावापर्यंत पायी पंधरा-वीस मिनिटं.

तपासा: परतीच्या शेवटच्या गाडीची वेळ फोनमध्ये फोटो काढून ठेवली का? मुक्काम नसेल तर ही वेळ तुमच्या दिवसाची खरी मालकीण आहे.

## टप्पा ३: गाडी घेणार असाल तर कागद आधी

गाडी फक्त तिसऱ्या दिवसासाठी घ्या. पहिले दोन दिवस ती नुसती उभी राहील आणि तुम्ही पार्किंगची चिंता करत बसाल.

भारतीय परवान्यासोबत आंतरराष्ट्रीय वाहन परवाना लागतो. तो आपल्या आरटीओतून मिळतो, शुल्क १,००० रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत उतरल्यावर तो काढता येत नाही, त्यामुळे निघण्याच्या आदल्या आठवड्यावर ढकलू नका. काही वेळा काउंटरवर कोणी विचारत नाही आणि लोक त्यालाच नियम समजतात. अपघात झाला की मात्र विमावाले पहिल्यांदा तेच मागतात.

गावात गाडी चालवताना तीन गोष्टी:

झेडटीएल. जुन्या वस्त्यांत बाहेरच्या गाड्यांना बंदी असलेला भाग. तोंडाशी कॅमेरा आणि वर पाटी असते. पाटीवर 'वार्को आत्तीवो' दिसलं तर आत जायचं नाही. शब्दाचा अर्थ 'चालू प्रवेशद्वार' असा लागतो, आणि आपल्याला वाटतं रस्ता चालू आहे. चालू आहे तो कॅमेरा. 'नोन आत्तीवो' असेल तर जाता येतं. दंडाची चिठ्ठी चार-सहा महिन्यांनी पुण्यातल्या घरी येते, आणि तुमची माहिती पोलिसांना कळवल्याचे पैसे गाडी भाड्याने देणारी कंपनी वेगळे कापते. माझे दोन्ही गेले आहेत.

पार्किंगच्या रेघा. पांढरी म्हणजे फुकट, निळी म्हणजे पैसे भरून, पिवळी म्हणजे राखीव. पांढऱ्या रेघेतही जवळ पाटी असेल तर ती वाचा. आठवड्यातून एखाद्या दिवशी रस्ता धुण्यासाठी जागा रिकामी ठेवावी लागते.

इंधन. 'बेंझीना' म्हणजे पेट्रोल, 'गासोलियो' म्हणजे डिझेल. 'सेल्फ' स्वस्त, 'सेर्वीतो' महाग. माणूस नसलेल्या पंपावर कार्ड लावलं की काही वेळा शंभर-एक युरो तात्पुरते अडकवले जातात. घाबरू नका, पण मर्यादा जवळ आलेलं कार्ड तिथे वापरू नका.

## टप्पा ४: आदल्या संध्याकाळची तयारी

गावात पोचलात त्या संध्याकाळी फिरायच्या आधी चार कामं उरका.

पर्यटन माहिती केंद्रात जा किंवा फोन करा. खडकात कोरलेली चर्च रोज ठरलेल्या वेळी उघडी असतीलच असं नाही. काही फक्त गाइडसोबत उघडतात, काहींची किल्ली कोणाकडे तरी असते. गावाखालची भुयारं, तळघरं आणि पाण्याच्या टाक्या पाहायच्या तर फेरी आधी ठरवावीच लागते. "उद्या सकाळी बघू" म्हणालात की संपलं.

नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या, आणि त्यावर आंधळा विश्वास ठेवू नका. दरीच्या गावात फोन सरळ रेषेतलं अंतर दाखवून फसवतो. समोरची गुहा दीडशे मीटरवर दिसते, पण मध्ये दरी असते आणि वाट दोन किलोमीटरची. कोणतंही ठिकाण शोधलं की पहिला प्रश्न: हे पूर्व काठावर की पश्चिम? आपल्याकडे नदीकाठच्या गावात पत्ता सांगताना अलीकडे की पलीकडे विचारतात, अगदी तसंच.

बूट पाहा. इथला दगड पिवळसर, मऊ आणि शेकडो वर्षं पायांनी घासलेला. गुळगुळीत तळव्याची चप्पल किंवा बूट पाऊस नसतानाही घसरतात. नक्षी खोल असलेला, वापरून सैल झालेला बूट घ्या. नवा कोरा नको.

चर्चसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे, आत थंडी वाजते म्हणून एक पातळ शाल. पाचदहा युरोच्या नोटा आणि सुटी नाणी.

## टप्पा ५: पहिली सकाळ, पूर्व काठ

१. सात-साडेसातला खालच्या वस्त्यांत. प्याज्जो आणि फोंदोवीतो या काठावरच्या दोन जुन्या वस्त्या. इथे तिकीट नाही, दार नाही, वेळ नाही, म्हणून सर्वांत आधी याच. घरांचा खालचा भाग खडकात कोरलेला आणि वरचा त्याच खडकातून काढलेल्या दगडांनी बांधलेला, हे सकाळच्या शांततेत नीट दिसतं. लोक राहतात तिथे. उघड्या दारातून कॅमेरा आत घालू नका. समोरून कोणी आलं तर "बोनजोर्नो" म्हणा. वाट विचारायची वेळ येते तेव्हा हा एक शब्द कामी येतो.

२. सान मिकेले देल्ले ग्रोत्ते. फोंदोवीतोमधलं, पूर्ण खडकात कोरलेलं चर्च. पाच रांगा आणि मध्ये खडकातच सोडलेले खांब. वेरूळ-अजिंठा पाहिलेल्या माणसाला इथे एक वेगळी मजा येते: बांधलं काय आणि 'उरवलं' काय, हे त्याला लगेच कळतं. पण आदल्या दिवशी वेळ ठरवली असेल तरच दार उघडेल. आत फ्लॅश नको, भिंतींना हात नको.

३. वर चढा, कॅथेड्रलच्या चौकात. पियात्सा बेनेदेत्तो त्रेदिचेसिमो, म्हणजे तेराव्या बेनेडिक्ट पोपचा चौक. हे पोप याच गावचे. कॅथेड्रल दरीच्या अगदी कडेला आहे. आत पाहून झालं की कड्याच्या बाजूला येऊन समोरची टेकडी आणि खाली डावी-उजवीकडची घळ पाहा. संध्याकाळी जायचं ते समोर, हे इथे मनात पक्कं करा. सकाळचं ऊन त्या वेळी तिकडच्या उतारावर असतं, त्यामुळे वाटा आणि गुहांची तोंडं स्पष्ट दिसतात. फोनने एक फोटो घ्या. संध्याकाळी तोच नकाशा.

४. पियात्सा नोतार दोमेनिको. इथल्या पुर्गातोरियो चर्चच्या दारावर दोन सांगाडे आडवे पहुडलेत. ते सगळे बघतात. खांबांखालची अस्वलं मात्र फार जण चुकवतात. ओर्सिनी हे इथलं सरदार घराणं, आणि इटालियनमध्ये 'ओर्सो' म्हणजे अस्वल. गावभर हे अस्वल भेटत राहतं. मुलं सोबत असतील तर त्यांना मोजायला लावा, तासभर तक्रार येणार नाही.

५. शेवटी पोमारिची सांतोमासी संग्रहालय. शेवटी ठेवायचं कारण साधं: अकरा-साडेअकराला बाहेर ऊन चढतं आणि आत गारवा असतो. पण ते संध्याकाळच्या आधी पाहणं भाग आहे. दरीतल्या सान वीतो वेक्यो या गुहाचर्चमधली भित्तिचित्रं उतरवून इथे, मूळ गुहेच्या आकारातच, पुन्हा बसवली आहेत. ती पाहून मग दरीत गेलं की रिकाम्या गुहाही बोलायला लागतात. उलटं केलं तर गुहा म्हणजे नुसती भोकं.

सावधान: रविवारी सकाळी प्रार्थना चालू असते. त्या वेळी आत हिंडू नका. मागे उभं राहायला कोणाची हरकत नसते.

## टप्पा ६: दुपार, म्हणजे जेवण आणि झोप

एक ते साडेचार-पाच गाव बंद. यावर चिडण्यात अर्थ नाही. पुण्याच्या माणसाला तर हे समजावूनही सांगायला नको.

जेवण एकच्या सुमारास. अडीचनंतर स्वयंपाकघर बंद होतं आणि संध्याकाळचं साडेसात-आठच्या आधी उघडत नाही. शाकाहारींसाठी हा मुलूख इटलीतल्या बऱ्याच भागांपेक्षा सोपा आहे, फक्त काही पदार्थ वरून साधे आणि आतून फसवे असतात.

'फावे ए चिकोरिया' म्हणजे सुक्या बाकल्याचं पिठल्यासारखं घोटलेलं वरण आणि शेजारी उकडलेली कडसर पालेभाजी, वर ऑलिव्ह तेल. पोटभर, निव्वळ शाकाहारी. एक इशारा: ज्यांना जी-६-पीडी या एन्झाइमची कमतरता आहे त्यांनी बाकला अजिबात खाऊ नये, रक्तपेशी फुटतात. घरात कोणाला ही कमतरता असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं असेल तर हे गांभीर्याने घ्या.

'ओरेक्येत्ते' पास्ता 'चीमे दी रापा' या भाजीबरोबर दिसायला हिरवा, पण त्यात बहुतेकदा आलीची किंवा आच्चूगे, म्हणजे खारवलेली छोटी मासळी, विरघळवलेली असते. दिसत नाही म्हणून नाही असं नाही. नुसतं "वेजेतारियानो" म्हणून भागत नाही. "सेन्त्सा कार्ने, सेन्त्सा पेशे, सेन्त्सा आच्चूगे" असं सुटं सुटं सांगा. पाल्लोने हे इथलं चेंडूसारखं गोल चीज नक्की चाखा. चीज विरजण्यासाठी प्राण्यांचं रेनेट वापरलेलं चालत नसेल तर मात्र आधी विचारा.

बिलावर 'कोपेर्तो' म्हणून माणशी एक-दोन युरो दिसले तर ती फसवणूक नाही, बसण्याचा ठरलेला आकार आहे.

## टप्पा ७: पूल आणि पश्चिम काठ

सूर्यास्ताची वेळ पाहा, त्यातून अडीच तास वजा करा आणि त्या वेळी पुलावर असा. मेमध्ये साडेपाच-सहा, ऑक्टोबरच्या मध्यात साडेतीन-पावणेचार.

गावातून 'वीया फोंताना ला स्तेल्ला' पकडून खाली उतरा. पूल सुमारे ९० मीटर लांब आणि ३७ मीटर उंच. पलीकडच्या झऱ्यांचं पाणी गावात आणण्यासाठी तो वापरला जाई. पुलावर थांबून सगळा वेळ घालवू नका. पुलावरून पूल दिसत नाही, हे ऐकायला बावळट वाटतं, पण फोटोसाठी लोक हीच चूक करतात.

१. पूल सरळ ओलांडा. टोकाला मादोन्ना देल्ला स्तेल्ला हे छोटं चर्च लागतं.

२. तिथून काठाच्या वाटेने थोडं वर चढा. पंधरा-वीस मिनिटांत पूल खाली आणि गाव समोर, दोन्ही एका नजरेत येतात. सकाळी काढलेला फोटो उघडा आणि आपण कुठे उभे होतो ते शोधा.

३. ऊन अजून चढं आहे तोवर गुहा पाहून घ्या. 'सेत्ते कामेरे', म्हणजे सात खोल्या, हा गुहांचा समूह याच बाजूला आहे. आत शिरताना डोकं सांभाळा, फोनचा टॉर्च चालू ठेवा. छताला भेग किंवा जमिनीवर ताजे पडलेले दगड दिसले तर आत पाऊल टाकू नका.

४. मग बोत्रोमान्योचा माथा. रोमन लोक ज्याला सिल्वियुम म्हणत ते प्राचीन नगर इथे होतं. त्याजवळून जाणारा आप्पिया हा प्राचीन रोमन महामार्ग २०२४ मध्ये युनेस्कोच्या यादीत आला. डोळ्यांना मात्र पायाच्या भिंती, थडग्यांचे खड्डे आणि गवत एवढंच दिसतं. 'रोमन शहर' ऐकून खांब आणि कमानी शोधत गेलात तर निराश व्हाल. काही भाग कुंपणात आहे. कुंपण ओलांडू नका आणि खापराचा तुकडासुद्धा खिशात टाकू नका. विमानतळावर सापडला तर ते प्रकरण साधं राहत नाही.

५. शेवटचा अर्धा तास पुन्हा काठावर. आता गावाचा सगळा कडा उन्हात असतो.

सावधान: काठाला कठडा नाही आणि खडक मऊ आहे. टोकावरचा दगड घट्ट दिसला तरी खालून पोखरलेला असू शकतो. कडेपासून दोन मीटर मागे. मुलांचा हात धरा. फोटोसाठी मागे-मागे सरकणाऱ्या काकांचा तर आधी धरा.

तपासा: सूर्य टेकला की लगेच निघा. पलीकडच्या वाटेवर दिवे नाहीत. पाऊस पडून गेला असेल तर हा सगळा टप्पा पुढच्या दिवसावर ढकला. ओला चुनखडक म्हणजे शेवाळलेला घाट.

## टप्पा ८: पायी माळ किंवा जंगल

गावाच्या दोन बाजूंना दोन वेगळे मुलूख आहेत आणि दोन्हींची तयारी वेगळी. ईशान्येला मुर्जा: चुनखडकाचं उघडं पठार, रचीव दगडांच्या भिंती, मेंढ्यांचे दगडी वाडे. या वाड्यांना 'यात्सो' म्हणतात. त्यातला मोठा भाग २००४ पासून आल्ता मुर्जा राष्ट्रीय उद्यानात आहे. नैऋत्येला गव्हाच्या लाटांसारख्या चिकणमातीच्या टेकड्या आणि दिफेसा ग्रांदे हे ओकचं जंगल, जवळजवळ २,००० हेक्टरचं. पावसानंतर त्या टेकड्यांत जाऊ नका. आपल्या काळ्या रानात पहिल्या पावसानंतर चपलेचं जे होतं तेच तिथे बुटाचं होतं.

पाणी. मुर्जावर ओढे नाहीत. पाऊस पडतो तो खडकाच्या भेगांतून थेट खाली जातो. वाटेत भरून घेऊ म्हणणारा तहानलेला परततो. माणशी अडीच-तीन लिटर गावातूनच घ्या. गावातल्या नळांचं पाणी पिण्याजोगं असतं, पण 'नोन पोताबिले' लिहिलं असेल तर ते पिऊ नये.

वेळ. सातला सुरुवात, बाराला परत. त्याच वाटेने जाऊन त्याच वाटेने या. पहिल्या खेपेला गोल फेरीच्या मोहात पडू नका. पठार सगळीकडून सारखं दिसतं आणि परतीची खूण लक्षात राहत नाही. दर अर्ध्या तासाने मागे वळून पाहा, येताना तेच दृश्य समोर असणार आहे.

कुत्री. या टप्प्यातला खरा धोका हाच, म्हणून थोडं सविस्तर. मोठी, पांढरी, केसाळ मारेम्मा जातीची कुत्री कळपासोबत असतात आणि बऱ्याचदा जवळ मेंढपाळ नसतो. त्यांचं काम एकच, तुम्हाला मेंढ्यांपासून लांब ठेवणं. धनगराच्या वाड्याला आपण जसा वळसा घालतो तसाच इथे घालायचा, फक्त मोठा.

- कळप दिसला की कुत्री शोधा. ती दिसत नसली तरी आहेत असं धरा.
- दोन-तीनशे मीटरचा वळसा घाला. कळपाच्या मधून कधीही जायचं नाही.
- कुत्रं भुंकत आलं तर थांबा. पळू नका, डोळ्यांत पाहू नका, हळूहळू तिरपे मागे सरका.
- वाकून दगड उचलण्याचा आपला हुकमी उपाय इथे विसरा. आपल्याकडचं कुत्रं त्याला भितं, हे त्याला आव्हान समजतं. "हाड्" म्हणूनही उपयोग नाही, त्याला मराठी येत नाही.
- सायकलवर असाल तर उतरा आणि सायकल मध्ये धरा.

शिकार. राष्ट्रीय उद्यानात बंदी आहे. उद्यानाबाहेर, सप्टेंबरच्या मध्यापासून जानेवारीअखेरपर्यंत रानात बंदुका असतात. मात्र मंगळवार आणि शुक्रवार या दोन दिवशी इटलीभर शिकारीला मनाई असते. शरद ऋतूत जंगलाची फेरी याच दोन वारांपैकी एका दिवशी ठेवा, आणि तरीही अंगात भडक रंगाचं काहीतरी असू द्या.

बाकी थोडक्यात. फाटक उघडं असेल तर उघडं ठेवा, बंद असेल तर बंद करा. 'प्रोप्रिएता प्रिवाता' पाटी म्हणजे मागे फिरा. उन्हाळ्यात काडी-विडी अजिबात नको, गवत पेट घेतं. पायमोजे पँटवर ओढा आणि परतल्यावर गोचीड पाहा, गुडघ्यामागे आणि कंबरेला विशेष. अडचण आली तर ११२.

## टप्पा ९: गाडीचा दिवस, याच क्रमाने

आधी कास्तेल देल मोन्ते. ग्राविनाहून पाऊण-एक तास. अष्टकोनी किल्ला, आठ कोपऱ्यांवर आठ अष्टकोनी बुरूज. इटलीत पाडलेल्या १ सेंटच्या नाण्यावर तोच आहे, रांगेत उभं असताना खिसा तपासा. गाडी थेट दारात जात नाही. खाली पार्किंग, तिथून शटल किंवा चढाची पायवाट. सकाळी दार उघडताना पोचा. अकरानंतर बसगाड्या येतात.

मग स्पिनात्सोलाजवळची जुनी बॉक्साइटची खाण. कोकणातल्या लाल मातीची आठवण होईल असा रंग. कडेवरूनच पाहायची. खाली उतरण्याचा मोह होतो, पण उतार भुसभुशीत आहे.

तीनच्या सुमारास अल्तामुराजवळचा पुलो. जमीन खचून झालेला, पाचशे मीटर रुंदीचा खड्डा. वरून पाहायला अर्धा तास पुरे.

पाचनंतर अल्तामुरा. आधी गेलात तर सगळं बंद. लामालुंगा गुहेत १९९३ मध्ये सापडलेला निअँडरथल माणसाचा सांगाडा अजून गुहेतच आहे आणि त्या गुहेत पर्यटकांना सोडत नाहीत. "प्रत्यक्ष पाहायला मिळेल" या समजुतीने कोणी दिवस मोडू नये. इथलं खरं काम पावाचं. रव्याच्या गव्हाचा, आंबवणावर फुगवलेला, जाड करकरीत सालीचा पाव. अख्खाच घ्या, दुकानात कापून घेऊ नका. कापला की दोन दिवसांत वाळतो, अख्खा आठवडाभर टिकतो. आतला भाग पिवळसर हवा आणि मागच्या बाजूवर टिचकी मारली की पोकळ आवाज यायला हवा. अर्धा-पाऊण किलोचा मिळत असला तरी मोठाच उचला. बारीहून सकाळचं विमान असेल तर रात्री खोलीवर त्यातलेच चार काप, टोमॅटो, मीठ आणि तेल.